आखूड चादर

“मंग ते रिळं सरकवते कोन?” माईंनी विचारलं.

मकरंदला बरं वाटलं. म्हातारी ऐकत होती तर.

इतका वेळ त्याला अंदाजच येत नव्हता. डॉक्टर मकरंद टिपणीस या विषयावर बोलायला लागला की मोठमोठी सभागृहं गप्प होत. समोरच्यांच्या डोळ्यांवरून त्याला कळायचं की गाडी रुळावर आहे. इथं समोर होती एक वाळकी संन्यासिनी, अंगावर मळकं पांढरं लुगडं, आणि तिचे डोळे सुईच्या टोकावर. ती एका चादरीचा फाटका कोपरा शिवत होती.

चादर ज्याची होती तो माणूस चादरीखालीच निजला होता.

भानजीबाबा त्याचं नाव. मठातला सगळ्यात जुना संन्यासी. पडवीत, थंडीतल्या उन्हाच्या पट्ट्यात त्याला निजवलं होतं. चादर पावलांपासून गळ्यापर्यंत, आणि वर नुसता चेहरा. श्वास भांडं खरवडल्यासारखा येत होता. मकरंदनं आल्याआल्याच म्हटलं होतं, “यांना हॉस्पिटलात हलवायला हवं. माझी गाडी आहे बाहेर.”

“निजू द्या त्याईले,” माई म्हणाल्या होत्या.

आपण सांगायचं काम केलं, या समाधानात मकरंदनं तो विषय सोडला. त्याचं काम दुसरंच होतं.

“सांगतो ना,” तो आता पुढं सरसावला. माईंच्या पुढ्यातलं दोऱ्याचं रीळ त्यानं परत उचललं. “हा धागा म्हणजे आपलं सगळं लिखाण, असं म्हटलं ना मघाशी? शरीराच्या प्रत्येक पेशीत असा एक धागा. उलगडला तर तुमच्या-माझ्या उंचीपेक्षा लांब. माणूस कसा घडवायचा ते सगळं त्यावर लिहिलेलं. एवढा लांब धागा डोळ्याला न दिसणाऱ्या जागेत मावायचा कसा?”

“गुंडाळून.”

“गुंडाळून! एका रिळावर जेमतेम दोन वेढे, मग दुसरं रीळ, मग तिसरं. जिथं वेढा पडला तिथलं लिखाण झाकलं. जिथं उघडं, तिथलं वाचता येतं. आणि ही रिळं एका जागी बसून राहत नाहीत. पेशीत बारीक यंत्रं असतात, ती रिळाला ढकलतात, धाग्यावरून पुढं-मागं सरकवतात. इकडचं उघडतं, तिकडचं झाकतं. लिखाणातलं एक अक्षर बदलत नाही, माई. नुसतं झाकण सरकतं.”

“ते यंत्रं काई खातात का?”

मकरंद हसला. प्रश्न बाळबोध होता, पण चुकीचा नव्हता.

“खातात तर. प्रत्येक ढकलण्याला इंधन लागतं. म्हणून तर मेलेल्या पेशीत काही सरकत नाही. जे जिथं असेल ते तिथंच राहतं.”

“हं,” माई म्हणाल्या आणि एक टाका घातला.

“गंमत पाहा. नखातसुद्धा डोळा कसा करायचा ते लिहिलेलं असतं. आणि डोळ्यात नख कसं करायचं ते. जे नको ते झाकलेलं, म्हणून डोळा डोळा राहतो.”

“बरं हाये मंग झाकलेलं.”

“नेहमीच बरं नसतं,” मकरंद म्हणाला. आणि त्याचा आवाज जरा उतरला, कारण इथून पुढं विषय यमुनेचा होता.

यमुना म्हणजे त्याची बायको. रांगतं पोर असताना कुणीतरी तिला या मठाच्या दारात ठेवून गेलं होतं. माईंनी तिला वाढवलं, अक्षरओळख करून दिली, आणि बारा वर्षांची झाली तेव्हा अमरावतीच्या वसतिगृहात धाडलं. ती शिकली, पुण्याला आली, शाळेत भूगोल शिकवायला लागली. लग्नाला माई आल्या नव्हत्या. मठाबाहेर जायचं नाही असा त्यांचा नेम. पण दर दिवाळीला यमुना इथं यायची. मकरंद आज पहिल्यांदा येत होता, तेही एकटा.

यायच्या आधी त्यानं तयारी केली होती. रिकाम्या हातानं जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मेळघाटाच्या पायथ्याशी थंडी फार, हे त्याला माहीत होतं, म्हणून नव्याकोऱ्या लोकरी ब्लँकेटांचा गठ्ठाच त्यानं गाडीत टाकला. तो आता पडवीच्या कोपऱ्यात प्लास्टिकसकट पडून होता. कुणी हातसुद्धा लावला नव्हता, आणि त्याला ते थोडं लागलं होतं. मठाच्या मागं दोघं जण खड्डा खणत होते. “झाडं लावताय वाटतं? छान,” तो त्यांना म्हणाला होता. त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि “हाव,” म्हणून पुन्हा खणायला लागले.

आजूबाजूची गावं या जागेला ‘चादरीचा मठ’ म्हणत. वाटेत पत्ता विचारताना त्यानं ते नाव ऐकलं होतं. का म्हणतात ते विचारावंसं मात्र त्याला वाटलं नाही.

“यमुनेला जो आजार आहे ना, माई, तो याच झाकण्या-उघडण्याचा आहे,” तो म्हणाला. “तिच्या एका गाठीत ते रीळ सरकवणारं यंत्र मोडलंय. पेशींनी वाढायचं थांबावं, असं जिथं लिहिलंय ना, ते लिखाण शाबूत आहे. काना-मात्रासुद्धा चुकलेली नाही. पण वर रीळ बसलंय. ते हटवायला कुणी नाही. त्यामुळं पेशी वाढतच चालल्यात.”

माईंची सुई थांबली.

“तिले थंडी वाजते का?”

“थंडी?” मकरंद गोंधळला. “ताप असतो अधूनमधून. रक्तातलं कॅल्शियम फार वाढलंय, त्यामुळं ग्लानी येते. वजन उतरलंय. गाठ एकदा काढली, पण आता पोटात पुन्हा दोन ठिकाणी—”

“मी थंडीचं इचारलं.”

“…ते नाही विचारलं मी.”

“बरं,” माई म्हणाल्या. सुई पुन्हा चालू झाली.

भानजीबाबाचा श्वास एकदा अडखळला आणि परत सुरू झाला. मकरंदनं तिकडं एक नजर टाकली. हातातल्या रिळावरचा दोरा त्याच्या नकळत सुटून मांडीवर गुंता झाला होता. तो सोडवायचा प्रयत्न करत तो म्हणाला, “म्हणूनच आलोय. यमुनेनं दोन निरोप दिलेत.”

“सांगा.”

“पहिला औषधाचा. मी एक औषध तयार केलंय. माझ्या प्रयोगशाळेतलं आहे, बाजारात आलेलं नाही. माणसाला अजून कुणी दिलेलं नाही. तिला सांगितलं, हे घे, लवकर बरी होशील. तर म्हणते, माईंना विचारून ये. त्या हो म्हणाल्या तर घेईन.”

हे सांगताना त्याच्या ओठांवर हसू आलं. एवढा जगभर मान असलेला माणूस, आणि बायकोच्या औषधाची परवानगी आणायला जंगलाच्या तोंडाशी येऊन बसलेला. प्रयोगशाळेतल्या लोकांना कळलं असतं तर त्यांनी डोक्यावर घेतलं असतं, की पाठीमागं टिंगल केली असती, हे सांगणं कठीण. पण यमुनेसाठी तो कुठंही गेला असता. एवढं मात्र खरं, आणि ते या गोष्टीत कुणी विसरू नये.

“आनि दुसरा?”

“दुसरा काय, बायकांचं असतं ना… तिची लहानपणीची चादर इथं राहिलीय म्हणे. ‘येताना माझी चादर घेऊन ये,’ म्हणाली.”

माईंनी सुई चादरीत खोवली.

मान वर करून समोरच्या डोंगराकडं बघत राहिल्या… बघतच राहिल्या. मकरंदला वाटलं, म्हातारपण. विसरल्या असतील, कुठली चादर, कुठं ठेवली.

“नाही सापडली तरी चालेल,” तो समजुतीनं म्हणाला. “मी सांगेन तिला काहीतरी.”

“तुमी काय काय सांगता तिले?”

प्रश्न सरळ होता. मकरंदनं दोऱ्याच्या गुंत्यात डोळे खुपसले.

“तिला… सगळं नाही सांगितलेलं. साधी गाठ आहे, काढली, आता शक्ती यायला वेळ लागेल, एवढंच. डॉक्टरांनाही बजावलंय. नर्सनासुद्धा. रिपोर्ट मी गाडीत ठेवतो. खरं कळलं तर ती खचेल, माई. माणूस मनानं खचला की औषधसुद्धा लागू पडत नाही.”

दुनियेची रिळं हटवायला निघालेला हा माणूस घरात बायकोपुढं रोज नवीन रीळ बसवत होता. पण त्याला तसं दिसत नव्हतं. तो याला माया म्हणत होता, आणि ती माया होतीच.

“औषधाचं सांगा,” माई म्हणाल्या.

इथं मकरंद पुन्हा खुलला.

“पेशीत उघडणारं यंत्र असतं, तसंच एक झाकणारंही असतं. दोघं एकमेकांना धरून असतात. उघडणारं मोडलं की झाकणाऱ्याचं फावतं. मोडलेलं यंत्र दुरुस्त करणं आमच्या हातात नाही. पण झाकणाऱ्याला थांबवता येतं! माझं औषध तेच करतं. झाकणारं थांबलं की रिळं सैल होतात. लिखाण उघडं पडतं. गाठ वाढायची थांबते. काचेच्या बशीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय.”

“त्या एकाच जागेची रिळं सैल होतात?”

मकरंद गुंत्यातलं एक टोक शोधू लागला.

“का सगळीच?”

“…पुष्कळशी,” तो म्हणाला.

“मंग डोळ्यात नख?”

“तसं काही शब्दशः होत नाही हो.”

“कशात पाह्यलं? बशीतच?”

“उंदरांतही.”

“उंदरं हायेत?”

उन्हाचा पट्टा भानजीबाबाच्या छातीवरून सरकून गळ्याशी आला होता. हा प्रश्न त्याला त्याच्या सहकाऱ्यांनी विचारला होता, तेव्हा त्यानं आलेख दाखवले होते. आलेख खोटे नव्हते. गाठी कमी झाल्याच होत्या.

“नाहीत,” तो म्हणाला. “गाठी आटल्या. आधी वाटलं, जिंकलो. मग त्यांच्या रक्तातल्या पेशी… आपण कोण हेच विसरल्यासारख्या वागायला लागल्या. ना धड रक्त, ना धड काही. काही उंदीर औषध न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले. काही आधीच गेले. शेवटी त्यांना… सोपं गेलं नाही.”

“हे यमुनेले ठाव हाये?”

“नाही.”

माईंनी सुई पुन्हा हातात घेतली.

“पण मात्रा कमी ठेवता येईल!” मकरंदचा आवाज चढला. “दुसरा काही मार्गच नाहीये, माई. काहीच नाही. नुसतं बसून बघत राहू का? तुम्ही फक्त हो म्हणा. पुढचं सगळं माझ्यावर. ती तुमच्या शब्दाबाहेर नाही.”

माई शिवत राहिल्या. शेवटचे दोन-तीन टाके त्यांनी जवळजवळ घातले, दोऱ्याला गाठ मारली, चादरीवर वाकून दोरा दातानं तोडला. फाटका कोपरा आता नीट झाला होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

मग तशाच थांबल्या.

मकरंदलाही काहीतरी वेगळं जाणवलं. काय ते लगेच कळेना. मग कळलं. भांडं खरवडल्याचा आवाज बंद झाला होता.

“अहो, यांचा श्वास!” तो एकदम उठला. संशोधनात शिरून नाडी धरायची सवय मोडली होती, पण हात आपोआप पुढं गेले. छातीवर दाब द्यायला तो गुडघ्यांवर बसला.

माईंनी हात वर केला. नुसता तळवा. मकरंद जिथल्या तिथं थांबला.

माईंनी भानजीबाबाचे डोळे मिटवले. ओठाच्या कडेला ओघळ आला होता तो पदरानं टिपला. मग चादरीचे वरचे दोन्ही कोपरे धरले. एक कोपरा आत्ताच शिवलेला, दुसरा जुना. आणि चादर वर सरकवली.

वीतभर. फार तर दीड वीत.

चादर गळ्यावरून हनुवटीवर आली. हनुवटीवरून नाकावर, मग कपाळावर. खालच्या बाजूनं भानजीबाबाची पावलं उघडी पडली. भेगाळलेली, उन्हात पिवळट दिसणारी.

बस्स. एवढंच झालं होतं. निजलेला माणूस होता, तिथं आता मढं होतं.

मकरंद गुडघ्यांवरच बसून राहिला. मरण त्यानं पाहिलं नव्हतं असं नाही. पण हॉस्पिटलात माणूस गेला की धावपळ होते, नळ्या काढतात, नवी पांढरी चादर येते, कागद येतात. इथं काहीच नवीन आलं नव्हतं.

“त्याईचं काम झालं,” माई मागच्या बाजूला ओरडून म्हणाल्या. खणण्याचा आवाज थांबला. मकरंदला आता कळलं. तो खड्डा झाडासाठी नव्हता.

“पाय उघडे पडले,” तो म्हणाला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलला. “माई, ब्लँकेट आहेत ना मी आणलेली. लांब आहेत. डोक्यापासून पायापर्यंत सगळं झाकलं जाईल. देऊ का काढून?”

“नका.”

“पण पाय—”

“मापच तेवढं असते आमचं,” माई म्हणाल्या. त्या भानजीबाबाच्या पायांशी येऊन बसल्या आणि दोन्ही पावलं हातांत धरली. “मठात आलं का एक चादर भेटते. पायापासून गळ्यापर्यंत. जित्तेपनी तोंड उघडं पायजे, पाहाले, बोलाले. मेल्यावर तीच वर घ्यायची. दुसरं कापड नाई भेटत कोनाले. आता पायाईचं काय काम? चालून झालं त्याईचं.”

त्या पावलं चोळत होत्या. ऊब द्यायला चोळतात तशी.

“तुमी म्हनलं ना, मेल्यावर काई सरकत नाई,” त्या म्हणाल्या. “खरं हाये. मंग ते दुसऱ्यानं सरकवा लागते.”

मकरंदनं मान हलवली. मान हलवता हलवता ती मधेच थांबली.

तीच चादर वर घ्यायची.

दुसरं कापड नाही.

‘येताना माझी चादर घेऊन ये.’

पडवी, ऊन, डोंगर सगळं तिथंच होतं. पण मकरंदला आपण कुठं बसलो आहोत ते क्षणभर उमजेना. यमुना ते बोलली तेव्हा खिडकीशी बसली होती. अंगावर त्याचा जुना स्वेटर होता. हसली होती. त्याला वाटलं होतं, लहानपण आठवलं तिला. आणि मग तिनं विचारलं होतं, ‘जाऊन यायला किती वेळ लागेल रे तुला? फार उशीर नको करूस.’ त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. ‘वेडी आहेस का? परवा परत,’ असं म्हणाला होता.

“माई…”

माईंनी पाहिलं.

“तिला माहीत आहे.”

माई पावलं चोळत राहिल्या.

“तिला सगळं माहीत आहे. मी तर काहीच… मी एक शब्द बोललो नव्हतो. रिपोर्ट गाडीत आहेत. कुणी सांगितलं तिला?”

“आंग कोनाचं हाये?” माई म्हणाल्या.

मकरंदनं तोंड दोन्ही हातांत झाकलं. आणि मग त्याला रडू फुटलं. सभागृहं गप्प करणारा तो माणूस एका मेलेल्या संन्याशाच्या उशाशी बसून लहान पोरासारखा हमसून रडला. रडण्यात दुःख होतं आणि त्याहून जास्त लाज होती. किती दिवस ती एकटीच हे घेऊन बसली असेल! तो तिला खोटं सांगायचा आणि ती त्याच्यासाठी ते खरं मानल्याचं दाखवायची. संध्याकाळी तो घरी आला की ‘आज बरं वाटतंय’ म्हणायची. तिला वाटत असेल, याला खरं झेपणार नाही.

मागच्या बाजूनं ते दोघं आले. हातपाय धुऊन, ओल्या अंगानं. मकरंदकडं त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. भानजीबाबाला चादरीसकट उचललं. जाताना उघडी पावलं पडवीच्या खांबाजवळून गेली, तेव्हा एकानं ती हळूच आत घेतली, खांबाला लागू नयेत म्हणून.

माई त्यांच्यासोबत गेल्या. मकरंद उठून मागोमाग गेला. त्यानंही मूठभर माती टाकली. माती आधी चादरीवर पडली, मग पावलांवर. पावलांवर पडली तेव्हा मकरंदनं डोळे मिटून घेतले.

परत आल्यावर माई आतल्या खोलीत गेल्या.

बाहेर मकरंदनं आपली बॅग उघडली. त्यात बर्फात ठेवलेली औषधाची डबी होती. ती काढून त्यानं मांडीवर घेतली. डबी गार होती. हीच डबी सकाळी त्याला सगळ्या जगाचं उत्तर वाटली होती. तिच्यावर त्यानं आयुष्यातली चांगली वर्षं घातली होती, यमुनेच्या वाट्याचा वेळसुद्धा.

माई बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक घडी होती. पांढरं कापड जुनं होऊन पिवळसर झालेलं, किनारीला निळ्या दोऱ्याची एक रेघ.

मकरंदनं घडी उलगडली. हातभर उलगडली आणि संपली. त्यानं ती स्वतःच्या अंगाला लावून पाहिली. छातीपासून धड गुडघ्यांपर्यंतही येईना.

“ही… लहान मुलीची आहे.”

“इथं आली तवाची. पोरगी वाढली, चादर कुठून वाढन?”

“मग हिचा उपयोग काय? तोंड झाकलं तर…” त्याला पुढं बोलवेना. तोंड झाकलं तर कमरेखालचं सगळं उघडं. पाय झाकले तर गळा, छाती, हात. मधोमध ठेवली तर दोन्हीकडून उघडी.

“दुसरी नाही का देता येणार?” त्यानं विचारलं. “मोठी?”

“एकाले एकच.”

डोंगराच्या बाजूनं वारा सुटला. ऊन पडवीतून उतरून अंगणात गेलं होतं. जिथं भानजीबाबा निजला होता तिथली जमीन अजून दबलेली होती.

मकरंदनं एका हातात चादर आणि एका हातात ती डबी धरली.

“एवढंच सांगा, माई,” तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात सभागृह नव्हतं. “हे देऊ की नको? दिलं तर कदाचित थोडे दिवस मिळतील. किंवा आहेत तेही जातील, आणि हाल होऊन जातील. नाही दिलं तर मी नुसता बघत राहायचं. मला कळत नाहीये. मला खरंच कळत नाहीये हो. तुम्ही हो म्हणा नाहीतर नको म्हणा. ती तुमचं ऐकेल.”

माईंनी डबी त्याच्या हातातून घेऊन त्याच्या बॅगेशी ठेवली.

मग त्यांनी त्याच्या हातातली चादर घेतली. पुन्हा नीट घडी घातली. दोऱ्याचा गुंता अजून त्याच्या सदऱ्याला अडकून लोंबत होता, तो हलकेच काढून बाजूला ठेवला. घडी त्याच्या दोन्ही तळव्यांवर ठेवली आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.

“आखूड हाये, जवाईबापू. आंगभर काई पुरत नाई,” त्या म्हणाल्या. “घरी जा, आनि आधी तिले इचारा, थंडी कुठं वाजते.”